साधनचिकित्सा : आपल्या संशोधनाची एक तपासणी

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या काळात मुस्लिम मराठी साहित्य हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला, त्यावर प्रबंध लिहिले गेले, पदव्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे आणि तिचे श्रेय आम्ही नाकारत नाही. परंतु आपल्याविषयी किती लिहिले गेले यापेक्षा ते कसे लिहिले गेले, हा प्रश्न आता विचारायला हवा. संशोधनपद्धतीचा विषय रूक्ष आहे असे समजून आपण तो टाळत आलो. त्याची किंमत मात्र समाजाने मोजली आहे.

अशा प्रबंधांचा एक ठरावीक साचा आढळतो. पहिल्या प्रकरणात इस्लामचा इतिहास, दुसऱ्यात लेखकांचा परिचय, तिसऱ्या-चौथ्यात कथानकांचे सारांश आणि शेवटी निष्कर्ष. गृहीतक असते, 'मुस्लिम मराठी साहित्यातून मुस्लिम समाजजीवनाचे चित्रण घडते.' निष्कर्ष असतो, 'असे चित्रण घडते, हे सिद्ध झाले.' जे खोटे ठरण्याची शक्यताच नाही त्याला गृहीतक म्हणता येत नाही. ते फार तर प्रास्ताविक होय. याउलट एखाद्याने असे म्हणावे की, गावातून औद्योगिक शहरात आलेल्या मुस्लिम लेखकांच्या कथेत दखनी बोलीचे संवाद कमी होत जातात. हे तपासता येते, मोजता येते आणि चुकूही शकते. संशोधनाची सुरुवात इथून होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याची टक्केवारीही ठरवून दिली. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द. नियम चांगले आहेत. पण उसने वाक्य यंत्र पकडू शकते, उसना विचार पकडू शकत नाही. तो पकडण्यासाठी साधनांची चिकित्सा करणारी नजर लागते.

ही नजर मराठीला नवी नाही. वा. सी. बेंद्रे यांचा 'साधन-चिकित्सा' हा ग्रंथ १९२८ चा. साधन कोणी लिहिले, केव्हा लिहिले, घटनेपासून किती दूर राहून लिहिले आणि कोणत्या हेतूने लिहिले, हे प्रश्न त्या परंपरेने मराठी अभ्यासकाला शिकवले. शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जाणारे चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे आहे, हे दाखवून महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणणारे बेंद्रेच. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' संपादित करून अभ्यासकांसमोर ठेवणारेही तेच. ग. ह. खरे यांनी फार्सी साधने मराठीत आणली आणि नवख्या अभ्यासकासाठी 'संशोधकाचा मित्र' लिहिला. यू. म. पठाण यांनी बखरींतील फार्सीचा अभ्यास केला, महानुभावांच्या पोथ्या वाचल्या. आपल्या नव्या प्रबंधांत या मंडळींची नावे आदराने येतात, त्यांची पद्धत मात्र येत नाही.

आणि खरे म्हणजे ही पद्धत आपल्याला तर अधिकच ओळखीची असायला हवी. हदीसच्या अभ्यासात मजकुराआधी इस्नाद तपासली जाते. कोणी कोणाकडून ऐकले, दोघांची भेट शक्य होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती, हे पाहिले जाते. त्यासाठी अस्मा-उर-रिजाल ही स्वतंत्र विद्या उभी राहिली. ज्या समाजाच्या विद्वानांनी रिवायतीला एवढी कसोटी लावली, त्या समाजाचा आजचा अभ्यासक 'असे सांगितले जाते' एवढ्यावर थांबतो, हे आम्हांला खटकते.

चाकणचेच उदाहरण घ्या. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात. पण बहमनी काळात मलिक-उत-तुज्जारचा तळ इथे होता आणि १६६० साली शायिस्ताखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्याने हाच किल्ला सुमारे दोन महिने झुंजवला. बहमनी प्रसंगासाठी आपण फेरिश्ताकडे वळतो. पण तो त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहीत होता, हे लक्षात ठेवावे लागते. वेढ्यासाठी मराठी बखर आणि मोगली फार्सी वृत्तान्त दोन्ही समोर हवेत. एकाच बाजूचा कागद वाचणारा वकील होतो, संशोधक होत नाही. हे इतरांना जेवढे लागू आहे तेवढेच आपल्यालाही.

आता आकड्यांकडे वळू. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला आणि आपल्या प्रत्येक व्याख्यानात एक आकडा रुजला. देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांची ५९.१. आकडा खरा आहे, पण तो देशाचा आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची ७६.९. म्हणजे आपण पुढे? इथे काही जण टाळ्या वाजवतात आणि काही जण 'मग मागणी कशाला' असे विचारतात. दोघेही घाई करतात. महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुसलमान शहरात राहतात, राज्याची शहरी लोकसंख्या मात्र ४२ टक्केच होती. शहरी महाराष्ट्राची साक्षरता ८५.५ टक्के, ग्रामीण महाराष्ट्राची ७०.४. शहरी मुसलमान शहरी सरासरीइतके आणि ग्रामीण मुसलमान ग्रामीण सरासरीइतके साक्षर असते, तर एकूण आकडा सुमारे ८१ यायला हवा होता. आला ७८.१. म्हणजे राज्याच्या सरासरीपुढे दिसूनही आपण सुमारे तीन टक्क्यांनी मागे होतो. ही आकडेमोड दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल. तुलना समानांशी करावी, एवढेच पद्धतीचे तत्त्व तिच्यात आहे. ते न पाळल्यास आपल्याच हातचा आकडा आपल्याविरुद्ध वापरला जातो. त्यात २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. म्हणून जुन्या आकड्यांवर बोलताना साल सांगणे हा प्रामाणिकपणाचा पहिला नियम ठरतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आपल्या समाजाची पाहणी करायची म्हटले तर पद्धतीच्या अडचणी पावलोपावली आहेत. रविवारी सकाळी प्रश्नावली घेऊन वस्तीत गेलो तर कामगार भेटेलच असे नाही. कारण इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभे राहिलो तर पाळीवर असलेला कंत्राटी मुलगा आणि घरातली बाई दोघेही सुटतात. मुकादमाच्या देखत 'पगार वेळेवर मिळतो का' असे विचारले तर उत्तर मुकादमासाठीच दिले जाते. प्रश्न पुस्तकी मराठीत असेल आणि ऐकणारा मराठवाड्याची दखनी किंवा पूर्व उत्तर प्रदेशची बोली बोलणारा असेल, तर होकाराचा अर्थ कधी कधी 'प्रश्न समजला नाही' एवढाच असतो. कोण भेटला यापेक्षा कोण भेटला नाही याची नोंद ठेवणे, ही नमुनानिवडीची खरी शिस्त आहे.

या शिस्तीचे मोल किती, हे कुदळवाडीने दाखवले. चिखली-कुदळवाडी हा भंगाराची गोदामे, पत्राशेड आणि लहान वर्कशॉपचा परिसर. तिथे पोट भरणाऱ्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने अनधिकृत ठरवून हजारो बांधकामे पाडली. कारवाईच्या योग्यायोग्यतेचा वाद इथे करायचा नाही. आमचा प्रश्न अभ्यासकाचा आहे. तिथे किती माणसे काम करत होती, कोणत्या जिल्ह्यांतून आली होती, कारखान्यांचे भंगार कोणत्या हातांतून फिरत होते, मुले कोणत्या शाळेत जात होती? हे ज्याने वेळेत लिहून ठेवले नसेल, त्याला आता दार ठोठवायला दारच उरलेले नाही. नोंद नसलेल्या माणसाची बाजू मांडताना आपल्याजवळ केवळ हळहळ उरते, आणि हळहळ पुरावा म्हणून दाखल होत नाही.

म्हणून आमची अपेक्षा साधी आहे. या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले-मुली संशोधनाकडे वळतील, तेव्हा त्यांनी आधी प्रश्न नीट मांडायला शिकावे. साधन मूळ की दुय्यम, हे ओळखावे. नमुना कसा निवडला, हे उघड सांगावे. आपल्याला न आवडणारा पुरावाही प्रबंधात ठेवावा. आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे, त्यांची भीती, त्यांची अब्रू सांभाळावी. मार्गदर्शकांनीही 'आपल्या समाजावर लिहिले' म्हणून पाठ थोपटू नये, आणि आपल्या नियतकालिकांनी कच्चे लेखन सहानुभूतीपोटी छापू नये. आपल्याविषयी कोणी चुकीचे लिहिले तर आपण रागावतो. त्या रागाला वजन येण्यासाठी आपले लिखाण तरी तपासणीला उतरणारे हवे.