दि. बा. पाटील : ज्ञानकोशातील एका नोंदीची कसोटी

सिडकोच्या घराची किल्ली हाती घेऊन नवी मुंबईत आलेल्या आपल्यांपैकी अनेक कुटुंबांना आता तीस-चाळीस वर्षे होत आली. वसईहून, मुंबईच्या जुन्या धर्मग्रामांतून, गोव्याहून वा आणखी दुरून आलेल्या या मंडळींनी येथे संसार थाटले, चर्च उभारली, मुलांना शाळेत घातले. त्या पिढीच्या नातवंडांपैकी एकाने मध्यंतरी आम्हांला विचारले, "नव्या विमानतळासाठी ज्यांच्या नावाचा एवढा आग्रह धरला गेला, ते दि. बा. पाटील कोण?" आम्ही सांगावयास सुरुवात करतो न करतो तोच त्याने मोबाइलवर विकिपीडिया उघडला आणि मोठ्याने वाचावयास प्रारंभ केला. पाच मिनिटांत त्याचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही, आणि ते का झाले नाही याचा शोध घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका राजकीय पुढाऱ्याविषयी ज्ञानकोशाने कसे लिहावे, हा प्रश्न वरवर पंडितांचा वाटतो. वस्तुतः तो आता घराघरातला झाला आहे. मराठीला कोशवाङ्मयाची थोर परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोश निघू लागला. केतकरांची मते त्यांच्या प्रस्तावनाखंडांत स्पष्ट दिसतात. ज्यांना ती पटत नसत त्यांना वाद कोणाशी घालावयाचा हे ठाऊक होते. विश्वकोशात तर नोंदीखाली लेखकाचे नाव असते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात ही सोय नाही. तेथे कोणीही लिहितो, कोणीही खोडतो, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्याचे खरे नावही समजत नाही. त्याच्या बदल्यात एक गोष्ट तेथे मिळते जी छापील खंडात कधीच नव्हती: 'इतिहास पहा' असे लिहिलेल्या जागी बोट ठेवले की त्या लेखात कोणत्या दिवशी कोणता बदल झाला ते सर्व पाहावयास मिळते, आणि 'चर्चा' या पानावर संपादकांचे वादही वाचता येतात. ही जागा आमच्या त्या तरुण मित्राने उघडली नव्हती. आमचा अनुभव असा की, ती सहसा कोणीच उघडत नाही.

लेख रोज बदलू शकत असल्यामुळे एका दिवसाच्या मजकुरावर निकाल देणे अन्यायाचे ठरेल. म्हणून आम्ही येथे दि. बां.च्या नोंदीला लावावयाच्या कसोट्या मांडतो. वाचकांनी त्या स्वतः लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी अचूकपणाची. दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई गावी झाला आणि २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. व्यवसायाने ते वकील. शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने १९५७ साली ते पनवेलमधून विधानसभेवर निवडून गेले. पुढे १९७७ आणि १९८४ साली कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. येथेच एक खाचखळगा आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्यामुळे १९८४ ची निवडणूक त्यांनी 'रायगडमधून' जिंकली असे लिहिण्याचा मोह सहज होतो. परंतु लोकसभा मतदारसंघाचे नाव तेव्हाही कुलाबाच होते. चूक क्षुल्लक दिसते. पण ती एकदा कोशात शिरली की तेथून वर्तमानपत्रात जाते, आणि मग तेच वर्तमानपत्र कोशात पुरावा म्हणून दाखविले जाते. चुकीलाच असा आधार मिळाला की ती काढणे दुरापास्त होते.

दुसरी कसोटी विशेषणांची. आपल्या मराठीत आदरणीय व्यक्तीविषयी लिहू लागले की 'झुंजार', 'लढवय्ये', 'भूमिपुत्रांचे कैवारी' हे शब्द लेखणीच्या टोकावर आपोआप येतात. सत्कारसमारंभात ते शोभतात. कोशात त्यांचे काम काय? १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात, सिडकोसाठी होणाऱ्या भूसंपादनाच्या विरोधात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. आणि त्या आंदोलनाचे नेतृत्व दि. बा. करीत होते. या चार वाक्यांत एकही विशेषण नाही, आणि तरीही वाचणारा क्षणभर थांबतो. आदरार्थी बहुवचन ही आपल्या भाषेची सभ्यता आहे, ती अवश्य राखावी. पण त्याहून अधिक भार वाक्यावर घालू नये.

तिसरी कसोटी गाळलेल्या मजकुराची, आणि आमच्या मते हीच सर्वांत अवघड. नि:पक्षपातीपणाचा भंग खोटे लिहिल्यानेच होतो असे नाही. खरे गाळल्यानेही होतो. आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षात राहिलेले दि. बा. उत्तरायुष्यात शिवसेनेत गेले. त्यांच्या काही चाहत्यांना हे वाक्य नकोसे वाटेल, तर काहींना तेवढेच हवेसे वाटेल. कोशाने ते एका ओळीत सांगावे आणि पुढे जावे. विमानतळाच्या नावाचीही तीच गोष्ट. २०२१ साली विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा स्थानिक ग्रामस्थांनी मानवी साखळी धरली आणि दि. बां.च्या स्मृतिदिनी, २४ जून रोजी, बेलापूरच्या सिडको भवनाकडे मोठा मोर्चा नेला. पुढे २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने आपल्या अखेरच्या बैठकीत दि. बां.च्या नावाला मान्यता दिली. सरकार बदलले, आणि १६ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने तोच निर्णय पुन्हा घेतला. त्यानंतर ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव संमत केला. या तारखांपैकी एकच ठेवून दुसरी पुसली, तर उरलेला मजकूर शब्दशः खरा असूनही एका पक्षाचे पत्रक होतो.

याउलट एक चुकीचा समतोलही असतो. दोन बाजू आहेत म्हणून दोघांना निम्मी-निम्मी जागा द्यावी, ही कल्पना न्यायाची वाटते; पण पाच माणसे मेली ही काही एका बाजूचे मत नव्हे. गोळीबाराची गरज होती की नव्हती यावर मतभेद असू शकतात, आणि ती मते कोणाची हे सांगून ती द्यावीत. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्याचे फळ म्हणून ओळखली जाते. असे कोण म्हणते, शासनाचे कागद काय म्हणतात आणि ती प्रत्यक्षात किती पोहोचली, हे तिन्ही प्रश्न वेगळे ठेवणे म्हणजे नि:पक्षपात.

अशा ठिकाणी काही जणांना दंडुका आठवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिपीडियाच्या चालकांना नोटीस पाठविली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदविला. महाराजांविषयी मराठी मनाला वाटणारा आदर आम्हांलाही वाटतो. परंतु पोलिसांच्या धाकाने सुधारलेल्या नोंदीवर उद्या विश्वास कोण ठेवील? दुसऱ्या टोकाला, धाकही नाही आणि लक्षही नाही, अशी स्थिती असली तर काय होते तेही जगाने पाहिले आहे. २००५ साली जॉन सीगेनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या इंग्रजी नोंदीत कोणीतरी लिहिले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. हे धादांत असत्य कित्येक महिने तसेच राहिले. त्यानंतर हयात व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले. नियम कडक करून घेणारा तो एक जागरूक माणूस होता. त्याने स्वतःची नोंद वाचली होती, एवढेच.

आपल्या ख्रिस्तसभेला ही गोष्ट नवी नाही. एखाद्याला संतपद देण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध जे काही बोलता येईल ते बोलण्यासाठी पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ साली एक अधिकारपद निर्माण केले. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ साली ती पद्धत पुष्कळ बदलली, पण तिच्यामागील समज आजही टिकून आहे. ज्याची कसून तपासणी झाली नाही, त्याच्या थोरवीला पाया नसतो. दि. बा. पाटील यांना अशा तपासणीचे भय असण्याचे कारण नाही. भय असलेच तर त्यांच्या भाबड्या चाहत्यांचे आणि आळशी वाचकांचे.

आता आमच्या असमाधानाचे खरे कारण. विकिपीडियाचा नियम असा की, प्रत्येक विधानाला प्रसिद्ध झालेला आधार हवा. नसेल तेथे 'संदर्भ हवा' अशी खूण पडते. नियम योग्यच आहे. पण आधार कोणाजवळ आहेत? १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोजवळ नकाशे, अहवाल, ठराव आहेत. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ज्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली, तेथील आगरी-कोळी कुटुंबांजवळ आठवणी आहेत. आणि आठवणीला कोशात प्रवेश नाही. मिठागर कोठे होते, बांधावर कोणते भात पिकत असे, मोजणीला माणसे आली त्या दिवशी घरात काय बोलणे झाले, हे छापले गेले नाही म्हणून ते कोशाच्या दृष्टीने घडलेच नाही. अशा रीतीने एकही असत्य न लिहिता, एकही नियम न मोडता, नोंद एका बाजूला कलू शकते. दोष कोशाचा म्हणावा तर तो छापलेलेच घेतो. आणि छापण्याचे काम आपले होते.

आपण त्याच जमिनीवर राहतो. बाजारात मासळी विकणारी मावशी, घर बांधताना रेती पुरविणारे काका, चर्चशेजारच्या गावठाणातले आजोबा, ही त्या ९५ गावांचीच माणसे. १९८४ साली जे विशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. त्यांच्याजवळ बसून, विचारून, तारीख आणि ठिकाण ताडून पाहून, सांगणाऱ्याच्या संमतीने त्यांची हकिकत लिहून काढणे आपल्या युवकांना सहज जमेल. अशी हकिकत छापून आली की ती आधार म्हणून तोलता तरी येते. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, ही आठवी आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली. शेजाऱ्याची खरी साक्ष लिहून ठेवण्याची वेळ आता आली आहे.

त्या तरुण मित्राला आम्ही पुढच्या रविवारी मिस्सानंतर जासईला नेणार आहोत. मोबाइल त्याने बरोबर घ्यावा. वही मात्र आम्ही देऊ.