‘सोडले’ म्हणजे काय?

इंग्रजी शिकताना आमचे घोडे अडे ते लांबलचक शब्दांपाशी नव्हे, तर चिमुकल्या ‘अप’ आणि ‘ऑफ’पाशी. क्रियापदाला असे शेपूट जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परक्यांना फार अवघड जाते, हे खुद्द डॉक्टर जॉन्सननेच १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूल केले आहे.

‘गिव्ह अप’चेच पाहा ना! ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. पण दोहोंची बेरीज ‘वर देणे’ होत नाही. विडी ‘गिव्ह अप’ केली म्हणजे सोडली. किल्ला केला म्हणजे शत्रूच्या हवाली केला. कोडे केले म्हणजे हात टेकले. आमच्या गाईडात मात्र या साऱ्यांना एकच प्रतिशब्द होता : ‘सोडणे’.

या एका शब्दाने आमच्या घरी केवढा अनर्थ केला! थोरले काका मुंबईस इस्पितळात होते. त्यांच्या शेजाऱ्यांचे इंग्रजी कार्ड आले, की डॉक्टरांनी त्यांना ‘गिव्ह अप’ केले आहे. घरात इंग्रजी येणारा मी एकटा. ऐटीत वाचून दाखवले, “काकांना डॉक्टरांनी सोडले!” आईने देवापुढे साखर ठेवली. वडील म्हणाले, “मग आता घाई नाही, शनिवारी जातो.” शनिवारी ते पोहोचले, तेव्हा सारे आटोपले होते. डॉक्टरांनी सोडली होती ती आशा.

माझी तक्रार आहे ती शब्दाला शब्द बांधून देणाऱ्या पाठांतरावर. आपण ‘लाडू खाऊन टाक’ म्हणतो, तेव्हा लाडू फेकायला थोडेच सांगतो? ते ‘टाक’ कृती पुरी करण्याची खूण आहे. ‘ईट अप’मधला ‘अप’ नेमका तेच काम करतो. घरचे हे उदाहरण मास्तरांनी दिले असते, तर ‘अप’ म्हणजे ‘वर’ हे भूत आमच्या मानेवरून केव्हाच उतरले असते.

म्हणून मुलांना याद्या देऊ नयेत, वाक्ये द्यावीत. आणि कर्माकडे बोट दाखवावे. सवय असेल तर ती सुटली, बसायची जागा असेल तर ती दुसऱ्याला दिली, रोगी असेल तर त्याची आशा उरली नाही.

आजही कुणी ‘गिव्ह अप’ म्हटले, की मी आधी विचारतो, “कुणी? आणि काय?”