‘पदर’ : वाक्प्रचारांच्या तुलनेतील काही प्रश्न

मराठीतील वस्त्रविषयक शब्दांमध्ये ‘पदर’ या शब्दाइतका अर्थसंपन्न शब्द क्वचितच आढळेल. वस्तुतः हे संपूर्ण वस्त्राचे नाव नव्हे. वस्त्राच्या एका टोकाचे नाव आहे. तथापि मागणे, मिळणे, बाळगणे, खर्चणे, नाते जुळणे अशा परस्परांहून भिन्न व्यवहारांसाठी भाषेने याच टोकाचा आधार घेतला आहे. या वाक्प्रचारांविषयी दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, ते सर्व स्त्रीजीवनातून आलेले आहेत. दुसरी अशी की, ‘पदर पसरणे’ यांसारखे प्रयोग फारसीतील ‘दामन’ शब्दाच्या प्रयोगांची भाषांतरे असावीत. दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिल्या समजुतीस ‘पदर येणे’, ‘पदर ढळणे’, ‘पदर खोचणे’ या प्रयोगांचा आधार आहे, हे खरे. पण ‘पेशव्यांच्या पदरी असणे’, ‘पदरचा मनुष्य’, ‘पदरी बाळगणे’ या प्रयोगांचे काय? येथे आश्रयदाता बहुधा पुरुषच आहे. पदर लुगड्याला असतो तसा शेल्याला आणि उपरण्यालाही असतो, या साध्या वस्तुस्थितीचे विस्मरण झाल्यामुळे हा घोटाळा होतो. ‘पदरमोड करणे’, ‘पदराला खार लावणे’, ‘पदरचे पैसे घालणे’ या प्रयोगांमागे वस्त्राच्या टोकाला पैसे गाठ मारून ठेवण्याची रीत आहे. आणि ती स्त्रीपुरुष दोघांचीही होती. आज पदर मुख्यतः साडीशी निगडित राहिला, म्हणून वाक्प्रचारांचा पूर्वेतिहासही केवळ साडीचाच मानणे हा कालविपर्यास होय.

अर्थाच्या दृष्टीने पाहता या वाक्प्रचारांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात पदर हे पात्र आहे : ‘पदर पसरणे’, ‘पदरात पडणे’, ‘पदरात पाडून घेणे’. ‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण याच गटातील. एखाद्याची चूक त्याच्या ‘पदरात घालणे’ हा प्रयोगही मूळ कल्पनेस धरूनच आहे. दिलेली वस्तू नाकारता येत नाही, तशी दाखवून दिलेली चूकही नाकारता येत नाही. दुसऱ्या गटात पदर ही गाठ आहे. पैशाची गाठ आणि नात्याची गाठ येथे एकत्र येतात. ‘पदरमोड’ आणि दोन कुळांचे ‘पदर जुळणे’ हे प्रयोग म्हणूनच शेजारी ठेवावे लागतात. तिसऱ्या गटात पदर हे आच्छादन आहे : ‘पदराखाली घेणे’. ‘पदरी दोन मुले असणे’ यात मात्र दुसरा आणि तिसरा हे दोन्ही गट मिसळलेले दिसतात.

भगिनीभाषा आणि शेजारच्या द्राविड भाषा यांच्याशी तुलना केली असता हेच तीन गट पुन्हा भेटतात. पण प्रत्येक भाषेने भर वेगळ्या ठिकाणी दिला आहे. कन्नडमध्ये ‘सेरगु’ पसरून याचना करतात. तेलुगूत ‘कोंगु बंगारम’, म्हणजे पदरचे सोने, हा प्रयोग हवे ते हाती देणाऱ्या दैवतासाठी वापरतात. तमिळमध्ये पत्नी पतीला ‘मुंदानै’त गाठ मारून ठेवते, तर बंगालीत आईच्या वा पत्नीच्या मुठीत राहणारा पुरुष ‘आँचलधरा’ ठरतो. गुजरातीत लग्नाच्या वेळी वधूवरांच्या वस्त्रांचे छेडे बांधतात, ती ‘छेडाछेडी’. आणि विवाहविच्छेदासाठी आजही ‘छूटाछेडा’ हाच शब्द व्यवहारात आहे. मराठीने मात्र नाते जुळण्यासाठी पदर घेतला आणि तुटण्यासाठी ‘काडीमोड’, ‘सोडचिठ्ठी’, ‘घटस्फोट’ हे शब्द घेतले. एकाच रूढीतून एका भाषेने बांधणे व सोडणे दोन्ही उचलावे आणि दुसरीने बांधणेच तेवढे उचलावे, यावरून वाक्प्रचार हा रूढीचा केवळ आरसा नसतो, हे स्पष्ट होते.

आता फारसी प्रभावाचा प्रश्न. ‘दामन फैलाना’ आणि ‘पदर पसरणे’ यांतील साम्य उघड आहे. परंतु वस्त्राचे टोक पसरून दान घेणे ही शारीरिक कृतीच आहे. जेथे लांब, सैल वस्त्र वापरतात तेथे ती कोणासही सुचेल. ‘जुन्या करारा’तील रूथ बवाजाकडे त्याच्या वस्त्राचा काठ आपल्यावर पसरण्याची विनंती करून आश्रय मागते, तेथे मराठीचा वा फारसीचा संबंध जोडता येत नाही. म्हणून ज्या प्रयोगाचा अर्थ कृतीतूनच निघतो, त्याचे साम्य उसनवारीचा पुरावा ठरत नाही. ज्याचा अर्थ कृतीतून सहज निघत नाही, असा प्रयोग दोन भाषांत सारखा आढळला, तरच उसनवारीची शंका घेण्यास जागा होते. ‘तरदामन’, म्हणजे ओल्या वस्त्राचा, याचा फारसीत ‘पापी’ असा अर्थ होतो आणि ‘पाकदामन’ याचा ‘शीलवान’ असा. उर्दूने हे दोन्ही शब्द जसेच्या तसे स्वीकारले. मराठीत ‘ओला पदर’ पापाचे चिन्ह झाला नाही. मराठीने फारसीतून शेकडो शब्द घेतले, हे निर्विवाद आहे. पण या क्षेत्रात भाषांतरित उसनवारी झाली, असे सिद्ध करणारा नेमका पुरावाच येथे मिळत नाही.

या विवेचनाचा व्यावहारिक उपयोग कोशकार व अनुवादक यांना आहे. हिंदी ‘पल्ला’ आणि मराठी ‘पदर’ यांना पर्याय मानून शब्दशः भाषांतर केले, तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘मेरे पल्ले कुछ नहीं पड़ा’ याचा अर्थ ‘मला काही कळले नाही’ असा होऊ शकतो. ‘माझ्या पदरी काही पडले नाही’ याचा अर्थ ‘मला काही मिळाले नाही’ एवढाच. ‘पल्ला झाड़ना’ यासाठी मराठी माणूस पदर झटकत नाही, हात झटकतो. शिवाय मराठीतील ‘पल्ला’ हा अंतराचा वाचक आहे. मोल्सवर्थ यांचा कोश (1831, दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (1932–38) यांनी शब्दसंग्रहाचे मोठे कार्य केले. परंतु वाक्प्रचार केवळ एकापुढे एक नोंदविले, तर पात्र, गाठ आणि आच्छादन यांतील दुवे वाचकाच्या हाती लागत नाहीत. पुढील कोशांनी वाक्प्रचारांची मांडणी अर्थकुलांनुसार केली, तर अनुवादकाला समानार्थी प्रयोग शोधणे सोपे जाईल.

राहता राहिला ‘थर’ वा ‘पेड’ हा अर्थ. तीनपदरी दोरी, पदर सुटलेली करंजी, अनेक पदरी प्रश्न आणि चौपदरी रस्ता यांत वस्त्राचे स्मरण जवळजवळ लोपले आहे. गाठीला पैसे बांधणारी पिढी मागे पडली, तरी ‘पदरमोड’ टिकून आहे. आणि कधीही उपरणे न वापरलेला मनुष्यही चौपदरी रस्त्याविषयी निःशंकपणे बोलतो. वस्तू व्यवहारातून गेली की शब्द मरतो, असे मानणाऱ्यांनी या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहावे.