नव्या आवृत्तीचें मोल

पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली म्हणून पहिल्या आवृत्तीचीं पानें कोरीं होत नाहींत. ग्राहकानें एकदां मोल दिलें कीं तें पुस्तक त्याचें आणि त्याच्यामागें त्याच्या मुलाबाळांचें. संगणकावरील सॉफ्टवेअरचें तसें नाहीं. त्याची नवी आवृत्ति आली म्हणजे जुनी हळूहळू मुकी होते, आणि तिला बोलती ठेवावयाची तर पुन्हां पैसे मोजावे लागतात. या पैशांविषयीं ग्राहक ज्या तक्रारी लिहितात आणि निर्माते जीं उत्तरें देतात, त्यांचा आतां एक स्वतंत्र गद्यप्रकारच बनला आहे. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकानें त्याचें परीक्षण करावें यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. कारण प्रश्न अखेर लिहिलेल्या शब्दाचाच आहे.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून निराळा झालेला गडचिरोली हे जिल्हे अरण्याचे म्हणून प्रसिद्ध आहेत. पण छापील शब्दाची गरज तेथें थोडी नाहीं. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झाला कीं देसाईगंज-वडसा येथील नाटकमंडळ्यांस जाहिराती हव्या असतात; त्यांखेरीज लग्नपत्रिका, ग्रामसभांचे ठराव आणि झाडीबोलींतील कविता आहेतच. अशा कामाचा भार महाराष्ट्रभर लहान डीटीपी केंद्रांनीं वाहिला. तेथील नित्याची जोडी म्हणजे पेजमेकर आणि श्रीलिपि, आकृति, आयएसएम यांसारखी एखादी मराठी अक्षरप्रणालि.

या प्रणालींची जुनी रचना मोठी चमत्कारिक होती. रोमन अक्षरांकरितां राखलेल्या घरांत देवनागरीचीं वळणें बसविलेलीं असत, आणि कोणतें वळण कोणत्या घरांत हें प्रत्येक निर्माता आपल्यापुरतें ठरवी. पडद्यावर ‘नाटक’ दिसे, पण यंत्राच्या स्मरणांत निराळींच चिन्हें असत. ती विशिष्ट प्रणालि काढून घेतली कीं तेंच नाटक निरर्थक चिन्हांची रांग होई. त्यांतच पुष्कळदां संगणकाला ‘डोंगल’ नांवाचें कुलूप लावावें लागे. संगणक बदलला, विंडोज बदललें, कीं नव्या आवृत्तीचे पैसे भरल्यावांचून जुनी फाईल उघडण्याची पंचाईत. लेखन ग्राहकाचें, पण तें वाचण्याची किल्ली निर्मात्याच्या हातीं!

तथापि सगळ्याच तक्रारींची आम्ही तरफदारी करणार नाहीं. विंडोज दर कांहीं वर्षांनीं बदलतें, आणि त्या प्रत्येक बदलाशीं जुळवून घेण्यास श्रम पडतात. मराठीचा बाजार लहान. त्यांतही एक प्रत विकत घेऊन ती दहा ठिकाणीं उतरवून घेण्याची आपली संवय जगजाहीर आहे. एकदां पैसे दिले म्हणून जन्मभर नव्या सोयी फुकट मिळाव्या असें म्हणणारा ग्राहक कारागिराची मजुरी बुडवितो. दोष आहे तो दोन निरनिराळ्या किंमतींची गल्लत करण्यांत. नव्या श्रमाचें मोल हें एक, आणि आपलेंच जुनें लेखन सोडवून घेण्यासाठीं द्यावयाचें मोल हें दुसरें. पहिली मजुरी होय. दुसरी खंडणी होय.

हा भेद मनांत धरून उत्तरें वाचलीं कीं त्यांची प्रत तेव्हांच कळते. पेजमेकरची मालक ॲडोबी कंपनी. त्याची अखेरची आवृत्ति २००१ सालीं निघाली. याच कंपनीनें २०१३ च्या मे महिन्यांत जाहीर केलें कीं, आपल्या चित्र व मांडणीच्या प्रमुख प्रणालींच्या पुढील आवृत्त्या विकत मिळणार नाहींत, त्यांसाठीं वर्गणी भरावी लागेल. तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीनें निर्णय बदलला नाहीं. छायाचित्रकारांकरितां मात्र त्याच वर्षीं स्वस्त वर्गणीची योजना काढली. तक्रार होती स्वामित्वाची, उत्तर आलें सवलतीचें. भाषा विनयाची असूनही असें उत्तर प्रश्नाला स्पर्श करीत नाहीं.

याच्या उलट उदाहरण जेटब्रेन्स या झेक कंपनीचें. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचीं साधनें ही कंपनी बनविते. २०१५ च्या सप्टेंबरांत तिनेंही वर्गणीची पद्धति जाहीर केली व तसाच गहजब झाला. पण त्याच महिन्यांत तिनें नियम सुधारला: जो सलग बारा महिने वर्गणी भरील, त्यास त्या मुदतीच्या आरंभींची आवृत्ति कायम वापरतां येईल. वर्गणी राहिली, परंतु हातचें जाण्याची भीति गेली. तक्रारीचें मर्म ओळखून दिलेलें उत्तर तें हें.

मराठीपुरता खरा उतारा दुसरीकडेच सांपडला. १९९१ सालीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतःचीं घरें मिळालीं आणि विंडोज २००० पासून तीं सामान्य संगणकावर आलीं. युनिकोडमध्यें लिहिलेलें ‘नाटक’ कोणत्याही निर्मात्याच्या अक्षरवळणांत नाटकच राहतें. जुन्या फायली या रूपांत आणण्याचीं साधनें आहेत. पण त्यांतून निघालेल्या मजकुरांत रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरें पुष्कळदां विस्कटतात आणि मुद्रितें पुन्हां तपासावीं लागतात. म्हणून कोणतीही जुनी प्रणालि बंद करणाऱ्या निर्मात्यानें आपल्या अक्षरांच्या घरांचा तक्ता प्रसिद्ध करावा व रूपांतराचें साधन विनामूल्य द्यावें. हें औदार्य नव्हे, कर्तव्य आहे.

गडचिरोलीच्या अरण्यांत या गोष्टीचें महत्त्व अधिकच आहे. गोंडीसाठीं घडलेल्या दोन लिपींना, मसराम गोंडीला २०१७ सालीं आणि गुंजाळा गोंडीला २०१८ सालीं, युनिकोडमध्यें स्थान मिळालें. या लिपींचा बाजार व्यापाऱ्यास मोह पडण्याजोगा नाहीं. तेथील आजीच्या कथा जर एखाद्या खाजगी रचनेंत टिपल्या गेल्या, तर नातवंडांना त्या वाचण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या शुल्क भरावें लागेल, किंवा निर्माता धंदा सोडतांच त्या कथाच नाहींशा होतील. नव्या सोयींचें मोल निर्मात्यांनीं अवश्य घ्यावें. ग्राहकाच्या जुन्या शब्दांचें घेऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.