कोष्टक आणि क्रियापद : चाचणी-स्वयंचलनाच्या दोन पद्धतींचे परीक्षण

संगणकाच्या आज्ञावलीची चाचणी यंत्राकडूनच करवून घेणे, हा विषय वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु या क्षेत्रात रूढ असलेल्या विदाचालित आणि कीवर्डचालित या दोन पद्धतींमधील भेद मुळात लेखनाचा आहे. चाचणी कोणत्या शब्दांत मांडावी, तिच्यातील बदलते काय आणि स्थिर काय, हे ठरविण्याच्या त्या दोन रीती होत. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाला या वादाकडे पाठ फिरविता येत नाही.

विदाचालित पद्धतीत चाचणीची कृती एकदाच लिहिली जाते. तिला पुरवावयाची मूल्ये आणि त्यांची अपेक्षित उत्तरे कोष्टकात वेगळी ठेवली जातात. परवलीचा शब्द किमान ८ व कमाल ६४ अक्षरांचा असावा असा नियम असेल, तर कोष्टकात ७, ८, ६४ व ६५ अक्षरांच्या चार ओळी येतात. पहिली व शेवटची नाकारली जावी, मधल्या दोन स्वीकारल्या जाव्यात. कीवर्डचालित पद्धतीत मूल्यांबरोबर कृतींची नावेही कोष्टकात उतरतात. ‘प्रवेश करा’, ‘नाव भरा’, ‘निकाल तपासा’ अशा प्रत्येक शब्दामागे आज्ञावलीचा एक तुकडा उभा असतो, आणि लहान शब्दांच्या जुळणीतून मोठे शब्द घडविता येतात.

मार्क फ्यूस्टर आणि डॉरोथी ग्रॅहम यांच्या १९९९ च्या ग्रंथात चाचणीलेखनाची पाच तंत्रे वर्णिली आहेत. त्यांत या दोहोंचे स्थान शेवटी आहे आणि कीवर्डचालित तंत्र सर्वांत अखेरचे आहे. २००६ मध्ये पेक्का लाउक्कानेन यांनी हेलसिंकी तंत्रविद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाचा विषय या दोन पद्धतींच्या चौकटी हाच होता. त्याच विचारातून नोकियाच्या जाळेविषयक विभागात ‘रोबोट फ्रेमवर्क’ हे साधन आकारास आले आणि २००८ मध्ये ते सर्वांस खुले झाले. या क्रमामुळे एक समजूत दृढ झालेली दिसते : विदाचालित पद्धत ही खालची पायरी, कीवर्डचालित पद्धत ही वरची. ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे पायऱ्या नसून दोन अक्ष आहेत. सोस्यूरने शब्दांचे संबंध दोन प्रकारचे मानले. वाक्यात एकापुढे एक येणाऱ्या घटकांचा संबंध हा एक. एकाच जागी एकमेकांऐवजी येऊ शकणाऱ्या घटकांचा संबंध हा दुसरा. विदाचालित कोष्टक दुसऱ्या अक्षावर चालते : वाक्य तेच, रिकाम्या जागी येणारे शब्द बदलते. कीवर्डचालित पद्धत पहिल्या अक्षावर चालते : शब्दसंग्रह तोच, वाक्ये नवी. एक अक्ष दुसऱ्याची सुधारलेली आवृत्ती असू शकत नाही. रोबोट फ्रेमवर्कमध्येच एका कीवर्डाला साचा मानून त्याखाली मूल्यांच्या ओळी देण्याची सोय आहे, हा या म्हणण्याचा उत्तम पुरावा होय. पाणिनीय परंपरेला ही विभागणी अपरिचित नाही. अष्टाध्यायीची सुमारे ४,००० सूत्रे एकीकडे आणि सुमारे २,००० धातूंचा पाठ दुसरीकडे, या रचनेत नियम आणि यादी यांपैकी कोण प्रगत, असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मग निवडीचा प्रश्न खोटा आहे काय? तसे नाही, किंबहुना खरा धोका येथूनच सुरू होतो. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव घ्यावे. युनिकोडमध्ये यातील ‘ऱ’ हे एकाच संकेताने लिहिता येते. ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. शिवाय ‘र’, हलन्त आणि जोडणारा अदृश्य संकेत अशा तिसऱ्या वाटेनेही तेच जोडाक्षर पडद्यावर उमटते. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोहोंना एक मानते, तिसऱ्याला मात्र नाही. नावांचा शोध घेणाऱ्या आज्ञावलीची चाचणी करताना कोष्टकात या तिन्ही ओळी असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आता असे समजावे की, ‘नाव भरा’ हा कीवर्ड लिहिणाराने सोयीसाठी येणारे प्रत्येक नाव आधी एकाच रूपात बदलून घेतले. तिन्ही ओळी कोष्टकात दिसतात, तिन्ही उत्तीर्ण होतात. प्रत्यक्षात आज्ञावलीपर्यंत एकच रूप पोचलेले असते. दोष कोष्टकात नाही. तो क्रियापदाच्या अर्थात दडलेला आहे. परिणामी ज्या माणसाचे नाव नोंदीत आहे, त्याला ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळू शकते आणि चाचणीचा अहवाल मात्र निर्दोष राहतो. असा दोष विदाचालित पद्धतीतही शिरू शकतो. पण तेथे तो एका चाचणीपुरता राहतो आणि कृती वाचणाऱ्याच्या नजरेस पडतो. कीवर्ड शेकडो चाचण्यांत वापरला जातो आणि त्याचे पोट उघडून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही, हेच त्याचे सामर्थ्य आणि हीच त्याची उणीव.

प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्यालाही चाचणी लिहिता येते, हा कीवर्डचालित पद्धतीचा दावा याच कसोटीवर पाहावा लागतो. सोपे शब्द म्हणजे निश्चित अर्थ नव्हे. ‘प्रवेश करा’, ‘आत जा’ आणि ‘लॉगिन करा’ हे तीन कीवर्ड तीन हातांनी लिहिले गेले, की ते समानार्थी आहेत किंवा नाहीत हे कोशाशिवाय सांगता येत नाही. शब्दसंग्रह वाढतो त्या मानाने त्याचा कोश राखला गेला नाही, तर बोली शिल्लक राहते, भाषा नव्हे.

विदाचालित पद्धतही निर्दोष नाही. तिचा क्रम ठाम असतो. प्रवाह थोडा बदलावयाचा झाला की कोष्टकात ‘हे पाऊल वगळा’ अशा खुणांचे रकाने वाढू लागतात आणि ते कोष्टक हळूहळू एक छुपी आज्ञावली बनते. शिवाय ओळी वाढविणे सोपे असल्याने संख्येलाच गुणवत्ता समजण्याचा मोह होतो. वस्तुतः सीमेवरच्या चार ओळी जे सांगतात, ते मधल्या चारशे ओळी सांगत नाहीत.

तेव्हा कसोटी एवढीच ठरते : मूल्ये बदलतात तेथे कोष्टक, क्रम बदलतो तेथे क्रियापद, आणि दोन्ही एकत्र आल्यास क्रियापदाने मूल्याला हात लावू नये, अपेक्षित उत्तर कोष्टकातच उघडे राहावे. चाचणी उत्तीर्ण झाली, हे एक विधान आहे. त्या विधानाचा अर्थ ते वाचणाऱ्याला लावता येत नसेल, तर ते कोणत्या पद्धतीने लिहिले होते या चर्चेला फारसे महत्त्व उरत नाही.