सामान्य माणसाची निर्दोष मुक्तता

कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात जाऊन चार नव्या कादंबऱ्यांची मलपृष्ठे उलटून पाहावीत. एकीत 'सामान्य माणसाची घुसमट' असते, दुसरीत त्याचा 'जगण्याचा संघर्ष'. नाट्यगृहाबाहेरचा फलक 'तुमच्या-आमच्या घरातली गोष्ट' सांगत असतो. राजकारणाने तर हा माणूस केव्हाच दत्तक घेतला आहे. २००४ मध्ये काँग्रेसने त्याच्या हातात हात दिला, २०१२ मध्ये त्याच्या नावाचा पक्षच निघाला, आणि एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना 'सीएम म्हणजे कॉमन मॅन' ही कोटी महाराष्ट्राने सभांमधून पुरेशी ऐकली. पुढाऱ्याला, प्रकाशकाला आणि नाट्यनिर्मात्याला एकाच वेळी सोयीचा वाटणारा हा इसम आहे तरी कोण, याची चौकशी समीक्षेने फार दिवस लांबणीवर टाकली.

त्याची वंशावळ वाचकांना पाठ आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव, पुलंचे धोंडो भिकाजी जोशी, आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला धोतरवाला. पहिले दोघे अजून टवटवीत आहेत, कारण त्यांच्या निर्मात्यांनी त्यांना सवलत दिली नाही. चिमणराव भित्रा आणि बढाईखोर आहे. धोंडोपंत प्रत्येक नव्या फॅशनला आधी नाक मुरडतात आणि मग मुकाट्याने तिच्या मागे जातात. वाचक हसतो, पण हसताना आपलाच चोरटेपणा पकडला गेल्याचे त्याला कळते.

लक्ष्मण यांच्या माणसाची गोष्ट वेगळी. १९५१ पासून तो मंत्र्याच्या दालनात, दुष्काळी गावात, सरकारी कचेरीत हजर राहिला आणि कधी बोलला नाही. रोजच्या एका चौकटीत तेवढे मौन शोभते. व्यंगचित्राचा रोख मंत्र्यावर असतो, बघ्यावर नाही. पण या मौनाने त्याची एक मोठी सोय केली. त्याने मत कोणाला दिले, दाखल्यासाठी टेबलाखालून किती सरकवले, घर भाड्याने देताना समोरच्याला काय विचारले, हे कधीच कळले नाही. पुढे तो टपाल तिकिटावर आला, स्वस्त विमान कंपनीचे बोधचिन्ह झाला, पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीला समुद्रासमोर पुतळा होऊन राहिला. पुतळ्याची उलटतपासणी कोणी घेत नाही.

ती न घेतल्याचे परिणाम २००८ च्या 'अ वेन्स्डे' या चित्रपटात दिसले. स्वतःला 'कॉमन मॅन' म्हणवणारा एक निनावी मुंबईकर शहरात बॉम्ब पेरल्याची धमकी देतो, पोलिसांना वेठीला धरतो, अतिरेक्यांना परस्पर मारायला लावतो आणि पिशवी उचलून घरी निघून जातो. पोलीस आयुक्तही त्याचे नाव सांगत नाहीत. थिएटरात टाळ्या पडल्या. नसिरुद्दीन शाह यांचा अभिनय उत्तम होता, म्हणूनच हा मामला अधिक गंभीर. पन्नास वर्षे गप्प राहिलेल्या माणसाने तोंड उघडले ते खटल्याविना देहदंड मागण्यासाठी, आणि तो सामान्य आहे एवढ्यावर त्याला माफी मिळाली.

यशोगाथांचा रतीब इथे बाजूला ठेवायला हरकत नाही. झोपडीतून जिल्हाधिकारी कार्यालयात पोचणारी ती आत्मकथने अभ्यासिकांच्या कपाटातच बरी. दूरचित्रवाणी मालिकांबद्दल बोलावे असे काही नाही. नापिकी, कर्ज आणि फास या तीन थांब्यांवरून धावणाऱ्या ग्रामीण कादंबऱ्यांपैकी सदानंद देशमुखांची 'बारोमास' पुन्हा वाचावी आणि तिच्या नकला सोडून द्याव्यात.

मराठीचे खरे सामर्थ्य दुसऱ्याच एका धारेत आहे. सामान्य माणसाच्या हातून काय काय घडते, हे ती धार दाखवते.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे तेंडुलकरांचे १९६७ चे नाटक बेणारे या बाईवरच्या अन्यायाचे म्हणून आपण शिकवतो. तिच्यावर तुटून पडणारे कोण आहेत तेही पाहावे. सुखात्मे हा न चाललेला वकील, पोंक्षे इंटर नापास, रोकडे काशीकर दांपत्याच्या उपकारावर वाढलेला. यातला एकही खलनायक होण्याच्या लायकीचा नाही, सगळे तुमच्या-आमच्यातलेच. तेंडुलकरांची सर्वांत क्रूर चाल मात्र सामंत आहे. तो गावातला भाबडा माणूस. ऐन वेळी त्याला साक्षीदार म्हणून उभे करतात. साक्षीत काय सांगायचे हे ठाऊक नसल्याने तो हातातल्या कादंबरीतला मजकूर ठोकून देतो, आणि नेमका तोच बेणारेच्या वर्मी लागतो. त्याच्या मनात काहीही वाईट नसते. भाबडेपणाही कसा हत्यार होतो, हे एवढ्या थोडक्यात मराठीत दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही.

त्याआधी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. मारणारे त्याच्याच बरोबरचे, अंगमेहनतीचे लोक आहेत. कोणी जमीनदार किंवा गिरणीमालक तिथे येत नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकात गिरणी संपाने धुळीला मिळवलेले घर आहे. पण पवार त्या घरालाही हळवी सूट देत नाहीत. एक मुलगा टोळीच्या वाटेला लागतो आणि आई-भावंडे एकमेकांना ओरबाडतात.

या धारेचे अलीकडचे शिखर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा चित्रपट. गटार साफ करणारा वासुदेव पवार मॅनहोलमध्ये मरतो आणि त्याला आत्महत्येला चिथावल्याच्या आरोपाखाली लोकशाहीर नारायण कांबळेला तुरुंगात टाकले जाते. सरकारी वकील नूतन दिवसभर कोर्टात कलमे वाचून दाखवते. मग लोकलमध्ये बसून साडीवर आणि मधुमेहाला चालणाऱ्या ऑलिव्ह तेलावर बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. सुट्टीच्या दिवशी हे कुटुंब नाटकाला जाते. नाटक परप्रांतीयांवर घसरते आणि प्रेक्षागृह खूश होते. नूतनच्या तोंडी एकही दुष्ट वाक्य नाही. ती दमलेली, नीटनेटकी, घरासाठी राबणारी बाई आहे, आणि एक निरपराध म्हातारा तिच्या हातून तुरुंगात सडतो. न्यायाधीशही तसेच: बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण ते सुनावणीलाच घेत नाहीत.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: म्हणजे आता पिचलेल्यांनाच दोषी ठरवायचे का? त्याचे उत्तर त्याच सिनेमात वासुदेवच्या विधवेच्या साक्षीत आहे. नवरा उतरण्याआधी मॅनहोलमध्ये खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा, आणि वास सोसावा म्हणून दारू प्यायचा, एवढेच ती सांगते. तिच्यावर कसलेही प्रतीक लादलेले नाही. आहे ती एका कामाची माहिती. उद्धव शेळके यांनी १९६० च्या 'धग'मध्ये कौतिकला असेच लिहिले होते. अशा माणसांना कोणी 'सामान्य' म्हणत नाही. त्यांच्या पुस्तकांना आपण दलित, ग्रामीण, कामगार अशी वेगळी फडताळे करून दिली आणि 'सामान्य माणूस' हे पद पगारदार, फ्लॅटधारक वाचकाने स्वतःकडे ठेवून घेतले. महागाई वाढली की पिचणारा तो, रस्त्यात खड्डा पडला की आपटणारा तो, आणि कराचा भार वाहणाराही तोच. खड्डा बुजवणाऱ्या कंत्राटी मजुराला या चित्रात जागा नाही.

नव्या लेखकांना विषय मिळत नाहीत ही तक्रार म्हणूनच पटत नाही. भाडेकरूचे आडनाव ऐकून 'अहो, कालच गेला फ्लॅट' म्हणणारा सोसायटीचा सचिव मराठी कादंबरीत मध्यभागी कितीदा आला? हा गृहस्थ आईला नियमाने डॉक्टरकडे नेतो, गणपतीची वर्गणी सर्वांच्या आधी भरतो, मोलकरणीसाठी लिफ्ट बंद करण्याचा ठराव मांडतो आणि रात्री भ्रष्टाचाराविरुद्धचे संदेश पुढे ढकलतो. त्याची घुसमट लिहून झाली, पुन्हा पुन्हा लिहून झाली. त्या ठरावाच्या बाजूने सभेत हात कोणी कोणी वर केले, ते आता नावानिशी लिहावे.