आकाशाची स्लाईड : काय गमावले, काय कमावले?

१९९७ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू पुण्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. मागून आणलेल्या कॅमेऱ्यात स्लाईड फिल्मचा रोल घातला, सिंहगडाच्या बाजूला अंधारी जागा शोधली आणि दोन रात्रींत ३६ चित्रे घेतली. रोल धुवायला टाकला. आठवड्याने पुठ्ठ्याच्या चौकटींत बसवलेल्या स्लाईड्स हाती आल्या, तेव्हा धूमकेतूचे डोके एका चौकटीत आणि शेपूट दुसऱ्या चौकटीत होते! काळ्या आकाशाच्या रोलवर एक चित्र कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे कापणाऱ्याला दिसलेच नव्हते. चूक माझी होती. रोलचे पहिले चित्र दिवसाउजेडी घ्यावे, म्हणजे कापणाऱ्याला माप मिळते. किंवा ‘फक्त धुवा, कापू नका’ अशी चिठ्ठी रोलबरोबर द्यावी, हे मला नंतर जाणकारांकडून कळले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आला, तेव्हा अनेकांनी खिशातल्या फोननेच त्याची चित्रे टिपली. रोल नाही, धुणे नाही, वाट पाहणे नाही. या बदलाविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. ‘फिल्मवरचे चित्र खरे असे, आता सगळी संगणकाची करामत’ हे पहिले. ‘फिल्म म्हणजे जुनाट हौस, तिचा आता काय उपयोग?’ हे दुसरे. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. आपण वर्गात आकाशाची चित्रे पुरावा म्हणून दाखवतो. म्हणून ती कशी तयार होतात, हे तपासणे हा आपल्या कामाचाच भाग आहे.

प्रथम स्लाईडकडे पाहू. साध्या रंगीत निगेटिव्हवरून कागदावर छाप काढताना चित्र किती उजळ करायचे, कोणता रंग वाढवायचा, हे यंत्र किंवा यंत्र चालवणारा ठरवतो. काळे आकाश पाहून यंत्राची समजूत होई की प्रकाश कमी पडला आहे, आणि छापात आकाश राखाडी उतरे. स्लाईडमध्ये हा मधला टप्पाच नाही. कॅमेऱ्यात असलेली फिल्म हेच अंतिम चित्र. हौशी निरीक्षकांचा स्लाईडकडे ओढा होता, त्याचे एक मोठे कारण हे.

ही फिल्म ‘ई-सिक्स’ नावाच्या पद्धतीने धुतली जाते. पहिल्या द्रावणात सुमारे सहा मिनिटे, ३८ अंश सेल्सियस तापमानाला, जेथे जेथे प्रकाश पडला तेथील चांदीचे क्षार काळ्या चांदीत बदलतात. तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही येथे खपत नाही. दुसऱ्या द्रावणामुळे उरलेले क्षार प्रकाश लागल्यासारखे वागू लागतात. तिसऱ्यात त्या क्षारांची चांदी होताना तिच्याजवळ रंगद्रव्य तयार होते. पुढच्या द्रावणांत सगळी चांदी निघून जाते आणि फक्त रंग उरतात. जेथे भरपूर प्रकाश पडला होता तेथे रंग जवळजवळ नसतो, म्हणून तारा पांढरा दिसतो. अंधुक तारे उठून दिसावेत म्हणून पहिल्या द्रावणातला वेळ मुद्दाम वाढवून घेण्याचीही रीत होती. त्याची किंमत मोजावी लागे. चित्र रवाळ होई आणि आकाशाचा काळेपणा फिका पडे.

आता फिल्मच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य दावा तपासू. स्लाईड ‘खरी’ असते काय? फिल्मवर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर कणांपैकी जेमतेम दोन-चार कण चित्राच्या कामी येतात. त्यातही गोम अशी, की प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यावा, हा साधा नियम दीर्घ उद्भासनात मोडतो. शटर बराच वेळ उघडे ठेवले की फिल्म हळूहळू सुस्त होते. प्रत्येक फिल्मचा स्वभाव वेगळा. फुजीच्या प्रोव्हिया १०० एफ या फिल्मला १२८ सेकंदांपर्यंत कोणतीही दुरुस्ती लागत नाही, असे तिच्या उत्पादकाचे माहितीपत्रक सांगते. म्हणूनच ती आकाशचित्रणात लोकप्रिय झाली. बऱ्याच फिल्म्स याच्या कितीतरी आधी मंदावतात. शिवाय रंगीत फिल्मचे तीन थर सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत, त्यामुळे आकाशाला हिरवट किंवा तांबूस झाक येते. मृग नक्षत्रातील तेजोमेघ हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशात उजळलेला असतो. एका फिल्मवर तो ठसठशीत लाल येई, दुसरीवर जेमतेम उमटे. मग यांतील खरी स्लाईड कोणती?

फसवणूकही होत असे. दोन स्लाईड्स एकाच चौकटीत एकमेकींवर ठेवून डोंगरावर भलामोठा चंद्र उगवता येई. तेव्हा ‘फिल्म खोटे बोलत नाही’ हे म्हणणे टिकत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मापनाच्या बाबतीत निर्विवाद बरोबर आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडी या प्रकाशग्राही चकतीची कल्पना मांडली. या कामासाठी त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. चांगली सीसीडी शंभरातले ऐंशीहून अधिक प्रकाशकण टिपते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुप्पट प्रकाशाला ती दुप्पट आकडा देते, त्यामुळे ताऱ्याची तेजस्विता थेट मोजता येते. जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी फिल्मचा विचार करण्याचे कारणच नव्हते. बाजारानेही आपला कौल दिला. कोडाक्रोम ही प्रसिद्ध स्लाईड फिल्म धुणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस रोल स्वीकारणे थांबवले. एक्टाक्रोम फिल्मचे उत्पादन २०१२ मध्ये बंद झाले. तिचा एक प्रकार २०१८ मध्ये बाजारात परतला खरा, पण ई-सिक्स करून देणाऱ्या जागा आता फार थोड्या आहेत.

येथवर निकाल डिजिटलच्या बाजूने लागतो. पण एक गोष्ट हिशेबातून सुटली आहे आणि ती शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे.

मार्च २०२३ मध्ये एका फोनविषयी बराच वाद झाला. कोणीतरी चंद्राचे चित्र मुद्दाम पुसट केले, इतके की त्यात विवरे उरलीच नाहीत. ते संगणकाच्या पडद्यावर लावून, खोलीत अंधार करून, दूर अंतरावरून त्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरे स्पष्ट दिसली! पडद्यावर नसलेला तपशील फोटोत आला कोठून? समोर चंद्र आहे हे ओळखून तपशील ठळक करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता फोनमध्ये आहे, असे कंपनीनेच स्पष्ट केले.

येथे स्लाईडचा खरा गुण लक्षात येतो. ई-सिक्सच्या रसायनाला समोर चंद्र आहे की भाकरी, हे कळत नाही. द्रावणाने चुका केल्या, रंग बिघडवले, पण सगळ्या चित्रांच्या बाबतीत एकाच नियमाने. विवरे कशी दिसतात याची आठवण त्याच्याजवळ नव्हती. त्यामुळे फिल्मवर जे उमटले ते प्रकाशाने आणले होते किंवा फिल्मच्या ज्ञात दोषाने आणले होते. तिसरा पाहुणा मध्ये शिरत नव्हता.

म्हणून फिल्म विरुद्ध डिजिटल ही भांडणाची रेघच मला चुकीच्या जागी ओढलेली वाटते. खरी रेघ दोन प्रकारच्या प्रक्रियांमध्ये आहे. एक प्रक्रिया चित्रात काय आहे हे न जाणता काम करते, दुसरी ते ओळखून त्यात भर घालते. एकाच तारकासमूहाची पन्नास डिजिटल चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढणे ही पहिल्या जातीची प्रक्रिया आहे. प्रत्येक ठिपक्याला तोच नियम लागतो आणि तो वहीत लिहून ठेवता येतो. असे चित्र स्लाईडइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक विश्वासार्ह असते. फोनने आपल्या मनाने सजवलेला चंद्र मात्र देखणा असला तरी निरीक्षण नव्हे.

ही वही महत्त्वाची का, याचे उदाहरण पुण्यातच आहे. येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, उपकरणे कोडाईकनालला गेली. त्या कोडाईकनालला १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. आता त्यांचे अंकीकरण झाले असून शंभर वर्षांतील सौरडागांचा अभ्यास त्यांवरून करता येतो. काचेवरचा लेप जुना झाला, पण तारीख, वेळ आणि उपकरण यांची नोंद सोबत असल्यामुळे त्या काचा आजही बोलतात. नोंद नसलेली काच मुकी राहिली असती.

यावरून शाळेत तीन गोष्टी करता येतील. पहिली, शाळेच्या किंवा एखाद्या जुन्या निरीक्षकाच्या कपाटात आकाशाच्या स्लाईड्स असतील तर त्या पावसाळ्यापूर्वी बाहेर काढाव्यात. फिल्मवरच्या जिलेटिनला दमट हवेत बुरशी लागते. त्या स्कॅन कराव्यात आणि चौकटीवर लिहिलेली तारीख, वेळ, भिंग यांची नोंद स्कॅनबरोबर जपावी. दुसरी, पडद्यावरच्या पुसट चंद्राचा प्रयोग वर्गातल्या निरनिराळ्या फोनवर करून पाहावा. कोणता फोन किती भर घालतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः सापडू द्यावे. तिसरी, ध्रुवाकडे कॅमेरा रोखून तासभर लागोपाठ चित्रे घ्यावीत. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो. ती चित्रे एकत्र केल्यावर उमटणारे ताऱ्यांचे कंस कोनमापकाने मोजावेत. तासाला १५ अंश आले तर पृथ्वीचे परिवलन मुलांनी स्वतः मोजले! हेच काम पूर्वी एका स्लाईडवर, शटर तासभर उघडे ठेवून होत असे. उत्तर दोन्हीकडे एकच येते, कारण दोन्हीकडे कंस प्रकाशानेच काढलेले असतात.

स्लाईडचा रोल धुऊन मिळेल अशी जागा शोधत फिरण्याचा सल्ला मी कोणत्याही शाळेला देणार नाही. तो खर्च आणि तो वेळ एखाद्या तिपाईवर आणि नोंदवहीवर घालवावा. पण रोल धुवायला टाकण्याआधी चिठ्ठी लिहावी लागे, प्रत्येक चित्राची वेळ टिपावी लागे, ३६ संधी जपून वापराव्या लागत. ती सवय फिल्मबरोबर जाऊ देण्याचे काही कारण नाही. विद्यार्थ्याने आकाशाचे चित्र आणून दाखवले की कौतुक जरूर करावे. मग विचारावे, ‘हे कधी घेतलेस, कशाने घेतलेस आणि त्यानंतर त्याच्यावर काय काय केलेस?’ उत्तर वहीत असेल तर ते चित्र विज्ञानाच्या तासाला दाखवण्याजोगे आहे.